ओक पार्क रीजनल हाउसिंग सेंटर: भाड्याचं घर शोधण्याचा अनुभव आणि माझं मत

शिकागोत नोकरी मिळालेली मराठी मंडळी पहिला प्रश्न हाच विचारतात की आपली माणसं कुठे राहतात. उत्तरही तयार असतं: नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग. तिथे किराणा मिळतो, देऊळ आहे, मुलांना खेळायला मराठी मुलं आहेत. त्यात गैर काहीच नाही. मी मात्र राहते ओक पार्कला, शिकागोच्या पश्चिम वेशीला लागून असलेल्या गावात, आणि तिथलं घर मला ओक पार्क रीजनल हाउसिंग सेंटर या संस्थेमार्फत मिळालं. नवीन येणारे बरेच जण फोन करून विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. घर शोधून देण्याच्या कामाला मी पाचपैकी चार गुण देईन. हे काम ज्या हेतूने सुरू झालं त्याला पाचपैकी पाच.

आधी संस्था काय करते ते. भाड्याने घर हवं असलेल्या माणसाने इथे यायचं, सल्लागारासमोर बसायचं, बजेट आणि गरजा सांगायच्या. गावातल्या रिकाम्या घरांची यादी त्यांच्याकडे असते, त्यातून ते तुमच्यासाठी काही पत्ते निवडतात. भाडेकरूकडून पैसे घेत नाहीत. इथपर्यंत कुठल्याही एजन्सीसारखंच. फरक असा, की १९७२ साली ही संस्था उभी राहिली तीच गावातली वस्ती मिसळलेली राहावी म्हणून. गोरे एका टोकाला आणि कृष्णवर्णीय दुसऱ्या टोकाला असं होऊ नये, एखाद्या इमारतीत किंवा रस्त्यावर एकाच वंशाची माणसं गोळा होऊ नयेत, यासाठी हे लोक एकेका भाडेकरूशी बोलत बसतात. रॉबर्टा रेमंड या ओक पार्कमध्येच वाढलेल्या बाईंनी ती सुरू केली.

माझी नोकरी शिकागोच्या मेडिकल डिस्ट्रिक्टमध्ये, ब्लू लाइन या लोकल ट्रेनच्या मार्गावर. गाडी नव्हती, मुलगा शाळेत जायच्या वयाचा. सुरुवातीला आम्ही एका एजंटकडे गेलो होतो. माणूस अतिशय गोड बोलायचा. आम्ही ट्रेनजवळचं घर मागायचो आणि तो आम्हाला चाळीस-पन्नास मिनिटं लांबच्या कॉम्प्लेक्सचे फोटो पाठवायचा, जिथे निम्मे भाडेकरू भारतीय. "तुम्हाला तिथेच बरं वाटेल," हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं की माझा नवरा सुद्धा म्हणायला लागला, असेलही बाबा. माणसाचा वंश बघून त्याला ठराविक वस्तीकडे वळवणं अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने बेकायदा आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. लॅबमधल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं आणि हाउसिंग सेंटरचं नावही त्यांनीच दिलं.

ऑफिस साउथ बुलेव्हार्डवर, ग्रीन लाइनच्या रुळांना लागून. ट्रेन गेली की बोलणं क्षणभर थांबवावं लागतं. सल्लागार बाईंनी फॉर्म पुढे केला. नाव, पगार, किती खोल्या, कुत्रा-मांजर आहे का, आणि मग एक रकाना: वंश.

माझा पेन तिथे थांबला. ठाण्यात घर बघत होतो तेव्हाचं सगळं आठवलं. ब्रोकर फोनवर आधी आडनाव विचारायचा. मग "मांसाहार करता का?" मग थोडी शांतता, आणि मग "सोसायटीचे लोक जरा वेगळे आहेत, ताई, तुम्हाला दुसरं दाखवतो." जिथे तुम्ही कोण असं विचारलं जातं तिथे पुढे नकार येतो, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. बाईंनी ते ओळखलं असावं.

"हा रकाना भरलाच पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या. "पण भरलात तर गावाच्या कुठल्या भागात तुमच्यासारखी माणसं आपणहून जात नाहीत ते मला बघता येतं. त्या भागातली घरं मी यादीत घालते. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं."

मग त्यांनी नकाशा उलगडला. ओक पार्क छोटं आहे, क्षेत्रफळ पाच चौरस मैलांपेक्षाही कमी. पूर्वेला ऑस्टिन बुलेव्हार्ड, पश्चिमेला हार्लेम अव्हेन्यू, उत्तरेला नॉर्थ अव्हेन्यू, दक्षिणेला रूझवेल्ट रोड. ऑस्टिन बुलेव्हार्डच्या पलीकडे शिकागो शहराचा ऑस्टिन हा भाग सुरू होतो, जिथे बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची आहे. बाईंनी पूर्वेकडच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "गोरा भाडेकरू आला की तो मला सांगतो, रिजलँड अव्हेन्यूच्या पूर्वेला नको. का ते त्याला सांगता येत नाही, कुणीतरी सांगितलेलं असतं. कृष्णवर्णीय भाडेकरू आला की तो पूर्वेकडचीच घरं मागतो, कारण नातेवाईक पलीकडे राहतात आणि इकडे पश्चिमेला आपलं स्वागत होईल की नाही याची त्याला खात्री नसते. मी दोघांना दुसरी बाजूही दाखवते."

"आणि आमच्यासारख्यांना?"

त्यांनी थोडा विचार केला. "तुमच्या बाबतीत गणित इतकं सरळ नाही. आशियाई लोक गावात पाच टक्क्यांच्या आसपास, आणि कुठेच एकवटलेले नाहीत. म्हणून मी वेगळं विचारते. कुठल्या रस्त्यांबद्दल तुम्हाला कुणी काय सांगितलंय?"

आम्हालाही रिजलँडच्या पूर्वेला राहू नका असंच सांगितलेलं होतं. सांगणारे आपलेच होते, आणि त्यांतलं कुणीही तिथे कधी राहिलेलं नव्हतं. बाईंनी दिलेल्या यादीतले निम्मे पत्ते रिजलँडच्या पूर्वेचे होते. जबरदस्ती नाही, भाषण नाही. प्रत्येक पत्त्यासमोर ट्रेनचं अंतर, शाळा, हीटिंग भाड्यात धरलंय की नाही, एवढंच. मला ही पद्धत फार आवडली. माणसाला त्याच्या पूर्वग्रहाबद्दल चारचौघांत बोल लावला तर तो आणखी घट्ट धरून बसतो. इथे त्याच्या हातात पत्ता आणि किल्लीवाल्याचा नंबर देतात.

आम्ही घेतलेलं घर त्याच पट्ट्यातलं. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची तीन मजली विटांची इमारत, मध्ये अंगण, अंगणात एक म्हातारं मेपलचं झाड. शिकागोत अशा इमारती जागोजागी दिसतात, बहुतेक शंभरीच्या आसपासच्या. मागच्या बाजूला लाकडी जिने, त्यावर लोकांच्या कुंड्या आणि सायकली. तळघरात नाणी टाकून चालणारी कपड्यांची मशिनं. रेडिएटर हिवाळ्यात पहाटे शिट्टी मारतो, पहिले काही दिवस दचकायला होतं. आत शिरताना भिंतीत पितळी टपालपेट्या आहेत, त्यावर टाइप केलेली आडनावांची पट्टी. मी पहिल्यांदा इमारत बघायला गेले तेव्हा ती पट्टी वाचत उभी राहिले होते. एक पोलिश आडनाव, एक नायजेरियन, दोन-तीन अशी की ती गोऱ्यांची की कृष्णवर्णीयांची ते सांगता येणार नाही, एक मेक्सिकन. आज त्यात आमचंही आहे, स्पेलिंग चुकीचं असलं तरी. शेजारच्या नर्सबाई मूळच्या जमैकाच्या. त्यांच्या हातचं सुक्या मसाल्यातलं चिकन आणि माझ्या सासूबाईंचं सावजी चिकन यांची एका रविवारी अदलाबदल झाली आणि त्यानंतर जिन्यावर डबे जात-येत राहिले.

हे सगळं आपोआप झालेलं नाही, आणि म्हणूनच या संस्थेबद्दल लिहावंसं वाटलं. १९७० च्या जनगणनेत ओक पार्कची लोकसंख्या ६२,५११ होती आणि त्यात कृष्णवर्णीय होते १३२. अख्ख्या गावात १३२ माणसं! त्याआधीचा इतिहास तर अंगावर काटा आणणारा आहे. पर्सी ज्युलियन हे थोर रसायनशास्त्रज्ञ. काचबिंदूवरच्या औषधासाठी लागणारं फायसोस्टिग्मिन त्यांनी १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं, पुढे सोयाबीनपासून हार्मोन्स बनवण्याच्या पद्धती काढल्या. १९५० मध्ये त्यांनी ओक पार्कच्या ईस्ट अव्हेन्यूवर घर घेतलं. ते कृष्णवर्णीय. कुटुंब राहायला येण्याआधीच थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कुणीतरी घर पेटवण्याचा प्रयत्न केला, आणि १९५१ च्या जूनमध्ये मुलं घरात असताना डायनामाइट फेकलं. ज्युलियन हटले नाहीत. १९७५ मध्ये वारले तोवर याच गावात राहिले. आज गावात दोन मिडल स्कूल आहेत. एकाला पर्सी ज्युलियन यांचं नाव आहे आणि दुसऱ्याला कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांचं. माझा मुलगा ज्युलियनला जातो. शाळेच्या पाटीवरचं नाव कुणाचं हे त्याला पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं, डायनामाइटसकट.

त्याच १९५१ च्या जुलैमध्ये शेजारच्या सिसेरो गावात एक कृष्णवर्णीय कुटुंब भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं, तेव्हा हजारोंचा जमाव जमला. फ्लॅटची नासधूस झाली, नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. सिसेरोमध्ये आज दहातले जवळपास नऊ जण लॅटिनो आहेत. ओक पार्कच्या आग्नेयेला लागून असलेलं गाव, त्याच काळात तोच द्वेष, आणि पुढे दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या झाल्या.

पूर्वेकडे ऑस्टिनमध्ये काय झालं ते समजून घेतल्याशिवाय हाउसिंग सेंटर कळत नाही. १९६० मध्ये ऑस्टिन जवळपास संपूर्ण गोऱ्यांचं होतं. १९८० येईपर्यंत तिथले सुमारे तीन चतुर्थांश रहिवासी कृष्णवर्णीय होते. वीस वर्षांत एवढी उलथापालथ माणसांच्या नैसर्गिक येण्या-जाण्याने होत नाही. दलाल रात्री-अपरात्री फोन करायचे: शेजारच्या रस्त्यावर कृष्णवर्णीय आलेत, किंमत पडायच्या आत विका. घाबरलेले गोरे मिळेल त्या भावाला विकायचे. तेच घर दलाल कृष्णवर्णीय कुटुंबाला चढ्या किमतीला द्यायचे, आणि तेही अनेकदा अशा करारावर की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर नावावर नाही, एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. बँका अशा वस्त्यांना कर्ज देत नव्हत्या, सरकारी गृहकर्ज हमीचे नियमही त्यांच्या विरोधात होते, म्हणून लोकांना हे करार पत्करावे लागत. दोन्ही बाजूंची माणसं लुटली गेली आणि दलालाचा खिसा भरला. एकेक ब्लॉक करत ही लाट पश्चिमेकडे सरकत होती. पुढचा नंबर ओक पार्कचा, असं सगळेच धरून चालले होते.

गावाने त्यावर जे उपाय केले ते वाचून मला कौतुक वाटतं. ते सगळे कारकुनी स्वरूपाचे आहेत, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येण्यासारखे नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या एप्रिल १९६८ ची. मे महिन्यात गावाने घर देताना भेदभाव करण्यावर स्वतःचा कायदा करून बंदी घातली. १९७२ मध्ये "विकणे आहे"च्या पाट्या लावायला मनाई केली, कारण एका रस्त्यावर चार पाट्या दिसल्या की पाचव्याचा धीर सुटतो. न्यू जर्सीतल्या एका गावाची अशीच बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रद्द ठरवली, तरी ओक पार्कमधल्या एजंटांनी पाट्या न लावण्याचा रिवाज आपणहून पाळला. दशकाच्या शेवटी घरमालकांसाठी एक विमा योजना आली: पाच वर्षांनी घर विकताना तोटा झाला तर तोट्याचा ८० टक्के भाग गाव भरून देईल. त्या योजनेतून एकही दावा द्यावा लागला नाही. किमती पडल्याच नाहीत. भीतीला नुसती हमी मिळाली तरी पुरलं. गावाचं नवं कार्यालयही मुद्दाम पूर्वेकडे बांधलं, म्हणजे पूर्वेचा भाग आम्ही सोडून दिलेला नाही हे प्रत्येकाला दिसावं.

या सगळ्यात रोजचं काम मात्र हाउसिंग सेंटरचं. कायदा एकदा करून भागतं, भाडेकरू दर वर्षी बदलतात. भाड्याच्या इमारतीत तीन घरं रिकामी झाली आणि तिन्ही एकाच वंशाच्या लोकांना गेली की दोन-तीन वर्षांत इमारतीचं रूप पालटतं. मिसळलेली वस्ती दह्याच्या विरजणासारखी आहे, रोज थोडं पुढच्यासाठी राखून ठेवावं लागतं. आकडे बघितले तर काम दिसतं. कृष्णवर्णीयांचं प्रमाण १९८० मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास, १९९० मध्ये १८, २००० मध्ये २२. आणि एवढा बदल होताना गोरे पळाले नाहीत. ऑस्टिनमध्ये ज्या काळात सगळं उलटंपालटं झालं, साधारण त्याच काळाच्या आगेमागे इथे, एक रस्ता ओलांडून, हे घडलं.

कायद्याच्या दृष्टीने हे चालतं का, असा प्रश्न माझ्या वकील मैत्रिणीने विचारला होता. प्रश्न बरोबर आहे, कारण वंश बघून घर सुचवणं आणि वंश बघून घर नाकारणं यांतली रेष बारीक आहे. ब्रुकलिनमधल्या स्टारेट सिटी नावाच्या मोठ्या वसाहतीत प्रत्येक वंशाचा कोटा ठरवलेला होता. हेतू मिसळ टिकवण्याचाच, पण त्यामुळे कृष्णवर्णीय अर्जदारांना जास्त काळ ताटकळत ठेवलं जायचं. १९८८ मध्ये न्यायालयाने तो कोटा बेकायदा ठरवला. ओक पार्कमध्ये कोटा नाही. कुणाला कुठलं घर नाकारत नाहीत, यादी लांबवतात फक्त. मी स्वतः टेबलासमोर बसून ते बघितलं आहे, आणि मला हा फरक खरा वाटतो.

आता चार गुण का, पाच का नाहीत.

पहिलं कारण, ही रचना गोरे आणि कृष्णवर्णीय या दोघांसाठी आखलेली आहे. आपण, चिनी, मेक्सिकन, पलीकडच्या गावांतून येणारे लॅटिनो, आमचा विचार नंतर जोडलेला. माझ्या सल्लागार बाईंनी चांगला प्रश्न विचारून वाट काढली, पण ते त्यांच्या हुशारीने झालं, पद्धतीने नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जमैकाच्या नर्सबाईंनी एकदा मला सरळ विचारलं, "मिसळून राहायचं ओझं नेहमी आमच्याच डोक्यावर का? तुमचा गोरा शेजारी सगळ्या गोऱ्यांच्या रस्त्यावर राहिला तर त्याला कुणी समजावत नाही, आणि मी माझ्या बहिणीच्या जवळ राहायचं म्हटलं की मला पश्चिमेकडची घरं दाखवतात." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सेंटर गोऱ्यांनाही समजावतं, हे मी त्यांना सांगितलं. पण सगळा कार्यक्रम गोऱ्यांनी घाबरून जाऊ नये या चिंतेतून उभा राहिला, हे नाकारता येत नाही. पूर्वेकडे फिरताना आणखी एक गोष्ट खटकते. काही छोटे रस्ते ऑस्टिन बुलेव्हार्डला मिळायच्या आधीच बंद केलेले आहेत, मध्ये झुडपं आणि कठडा. वाहतूक कमी व्हावी म्हणून, असं सांगतात. पलीकडच्या मुलाला सायकलवरून इकडे यायचं तर वळसा घालावा लागतो, आणि त्याला त्यातून काय समजत असेल ते वेगळं सांगायला नको. गावाने आपल्या हद्दीत मिसळ टिकवली आणि हद्द मात्र जपली.

तिसरं कारण पैशाचं. २००० नंतर कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढायचं थांबलं आणि २०२० मध्ये ते विशीच्या खाली आलं. भाडी वाढली, घरांवरचा मालमत्ता कर इथे आधीच भारी, आणि ट्रेनच्या स्टेशनाजवळ चकचकीत उंच इमारती उभ्या राहिल्या. सल्लागार कितीही चांगला असला तरी भाडं परवडत नसलेल्या माणसाला तो यादीतून काय देणार? १९७० च्या दशकात वस्ती बिघडवणारा शत्रू दलालाची अफवा होती. आज तो भाड्याच्या पावतीवर छापलेला आकडा आहे, आणि त्यावर हाउसिंग सेंटरच्या टेबलावर उत्तर नाही. हायस्कूलमध्येही गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या गुणांतली दरी वर्षानुवर्षं चर्चेत आहे. एका रस्त्यावर राहणं ही सुरुवात झाली, वर्गात शेजारी बसून सारखंच शिकायला मिळणं अजून बाकी आहे.

हे सगळं मान्य करून सुद्धा मी या संस्थेच्या बाजूने उभी राहीन, आणि त्याचं कारण ठाण्यातलं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच सांगितलं की अमुक वंशाला घर विकू नये असे करार कुठलंही न्यायालय अमलात आणणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा नियम वैध ठरवला. छोट्या समाजाला आपली वस्ती जपावीशी वाटते, ती भावना मला कळते. पण मोठे समाज त्याच आडोशाने भिंती बांधतात. मुंबईत मुसलमान कुटुंबाला, दलित कुटुंबाला, मासे खाणाऱ्याला, एकट्या राहणाऱ्या मुलीला फ्लॅट मिळवताना काय होतं ते कुणाला ठाऊक नाही? मुलुंडमध्ये मराठी बाईला जागा नाकारल्याची बातमी २०२३ मध्ये आली तेव्हा आपल्या सगळ्यांना राग आला. तो राग खरा होता. पण तसाच नकार आपल्या सोसायटीत दुसऱ्याला दिला जातो तेव्हा आपण मीटिंगमध्ये गप्प बसतो. आईला मी फोनवर या सेंटरबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तिकडे सोसायटीच माणसं शोधत फिरते, वेगळी माणसं या म्हणून?" हो, आई, अगदी तेच. ठाण्यात असं एक ऑफिस असतं, जिथे ब्रोकरने नकार दिलेला माणूस जाऊन बसू शकला असता आणि समोरच्या बाईंनी नकाशा उलगडला असता, तर आमची ती पहिली वर्षं वेगळी गेली असती.

कुणी जावं? ज्यांना शिकागोत नोकरी आहे, ट्रेनने जायचं आहे, आणि मुलांनी वेगवेगळ्या माणसांत वाढावं असं वाटतं, त्यांनी जरूर. ब्लू लाइन आणि ग्रीन लाइन दोन्ही गावातून जातात. लेक स्ट्रीटवरची लायब्ररी उत्तम आहे, शनिवारचा शेतकरी बाजार छान, आणि तिथल्या चर्चमधले गरम डोनट मुलांना रांगेत उभं राहून खायचे असतात. ज्यांना आठवड्याचा भाजीपाला भारतीय दुकानातूनच हवा, गणपतीला चालत जायचं अंतर हवं, त्यांना इथे एकटं वाटेल. मंडळाचे कार्यक्रम बहुतेक लांबच्या उपनगरांत होतात आणि भारतीय दुकानांच्या डेव्हन अव्हेन्यूला जायलाही अर्धा दिवस मोडतो. सासूबाईंना ते पहिल्या हिवाळ्यात फार जड गेलं. आम्ही रविवारी गाडी मागून न्यायचो.

जाताना पगाराच्या स्लिपा आणि आधीच्या घरमालकाचं पत्र बरोबर ठेवा, भारतातल्या घरमालकाचं चाललं. वेळ आधी फोन करून ठरवा, अशा संस्थांचा निधी आणि कामाचं स्वरूप बदलत असतं. सल्लागाराने कुठल्या भागाबद्दल काय ऐकलंय असं विचारलं तर खरं सांगा, लाजू नका, त्यावरच तुमची यादी ठरते. यादीतलं एक तरी घर असं बघून या जिथे तुम्ही एरवी गेला नसता. आणि गाडी घेणार असाल तर सही करण्याआधी पार्किंगचं विचारून घ्या, कारण ओक पार्कमध्ये परवान्याशिवाय रात्री रस्त्यावर गाडी उभी ठेवायला मनाई आहे आणि जुन्या इमारतींना मागच्या गल्लीत जागा फार थोड्या असतात.